आता बरंच कमी झालंय

आमच्या घरात साधी गोष्ट साधेपणाने सांगायची पद्धत नव्हती. निदान अर्ध्या घरात नव्हती. दूध संपलं असेल तर आई ते असं सांगायची:

"अगं, काय झालं, सकाळी मी उठले, म्हणजे जागी होतेच, पण पडून होते, कारण वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीचं खुर्ची सरकवणं सुरू झालं होतं. तिला मी मागे म्हटलं होतं, खुर्चीच्या पायांना कापडाच्या टोप्या शिवून देते, तर म्हणाली, माझ्या जावेने पण घातल्या होत्या, आठवडाभरात फाटल्या. जाऊ म्हणजे ती नव्हे, ती दुसरी, जिचा नवरा बोटीवर असतो आणि जिला मांजराचं वावडं आहे. आता मांजराचं वावडं आणि घरात मांजरं, का, तर ती सासूची. सासू गेली, मांजरं राहिली. तर ते असो..."

"ते असो"नंतर खरी गोष्ट सुरू व्हायची. दूध त्यानंतरही बऱ्याच वेळाने यायचं. तोवर चहाचं पाणी आटून गेलेलं असायचं.

दुसऱ्या अर्ध्या घरात बाबा होते. बाबा शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला. इंग्रजी-मराठीचा एक जाडजूड कोश तिथे आधीच तयार होता, आणि त्याची खिशात मावेल अशी छोटी आवृत्ती करायचं काम बाबांकडे होतं. म्हणजे दिवसभर काटछाट. शब्दाला चार अर्थ असतील तर दोन उडवायचे, दोन असतील तर एक. कचेरीतले लोक त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. आई तोंडावर म्हणायची. ही कात्री घरी आल्यावरही मिटत नसे. आईचं सुरू झालं की बाबा वर्तमानपत्र उघडायचे आणि त्याच्या आडून म्हणायचे, "मुद्दा." एवढंच. 'मुद्द्याचं बोल' हेसुद्धा त्यांना लांबलचक वाटत असावं.

आई चिडायची नाही. "मुद्द्याकडेच चाललेय हो, वाटेत एक-दोन घरं लागतात, ती घेऊ नको का?" म्हणायची आणि सगळी घरं घ्यायची.

तिची नोकरी तिला शोभेल अशी होती. बटणं, दोरे, लेस, चेनी विकायच्या दुकानात ती गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायची. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घ्यायला आलेली बाई घरच्या सगळ्या कटकटी ऐकवून, आईच्या ओळखीतल्या चार बायकांच्या कटकटी ऐकून, रीळ तिथेच विसरून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मालक म्हणायचा, "मॅडम, दुकान मालावर नाही, तुमच्या तोंडावर चालतं."

या दोघांच्या मधोमध मी. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली आणि पुढे कुठे जावं ते सुचलं नाही म्हणून राहिलेली. माझा धंदा भांड्यांचे फोटो काढण्याचा. कारखानदारांच्या कॅटलॉगसाठी पातेली, झाकणं, किटल्या. दिवसभर दिव्यांच्या उजेडात उभं राहून, एकाच किटलीला दहा बाजूंनी न्याहाळून घरी यावं, बूट काढावेत, तर स्वयंपाकघरातून "अगं, काय झालं" असं ऐकू यायचं, आणि माझे पाय होते त्याहून जड व्हायचे. आई वाईट नव्हती. तिचं बोलणंही वाईट नव्हतं. पण ऐकायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती मी कारखानदारांना देऊन आलेली असायचे.

मग एक दिवस आई म्हणाली, "दूध संपलंय."

पुढचं ऐकायला मी थांबले. पुढे काही नव्हतं.

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुधारली." आम्ही दोघं हसलो. आईही थोडी हसली, पण जरा उशिरा, आम्ही हसलो म्हणून हसल्यासारखी.

त्यानंतर घर हळूहळू शांत होत गेलं. "वीजवाला आला होता." "कपडे वाळले." "भूक नाही." बाबांना तर सुट्टी लागल्यासारखं झालं होतं. पूर्वी घरी कधी न आणलेले कोशाचे कागद ते आता घरी आणायला लागले आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसायला लागले. मलाही बरं वाटलं, ते कशाला नाकारू. संध्याकाळी घरी यायचं, पाय वर घ्यायचे, कुणी काही सांगत नाही. वय झालं की माणूस निवळतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दमलेल्या माणसाला सोयीचं कारण लवकर सापडतं.

पण नुसतं बोलणं कमी होऊन थांबलं असतं तर ठीक. उन्हाळा असून आई स्वेटर घालायला लागली. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसायचं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळाने यायचं की आपण काय विचारलं होतं तेच आठवावं लागे. दुकानाच्या मालकाचा एकदा मला फोन आला. "ताई, मॅडमचं काही बिनसलंय का घरात? गिऱ्हाइकं विचारतात, त्या आमच्यावर रागावल्यात का?" मी म्हटलं, नाही हो, वय. आणि मग दुकानाची पायरी उतरताना ती चक्कर येऊन पडली.

हाड मोडलं नाही. पण मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे तपासण्या झाल्या, डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी काढल्या. सगळं बघून काय ते सांगायला डॉक्टरांनी दोन दिवसांनी बोलावलं. आमचा नंबर आला तेव्हा मी खाली फाइलवर शिक्का मारून घ्यायच्या रांगेत अडकले होते. आई आणि बाबा दोघंच आत गेले. मी वर पोचेपर्यंत दोघं बाहेर आले होते. बाबांचा चेहरा मोकळा झाला होता.

"काय म्हणाले?"

"जुनं आहे. कमी होतंय. सहा महिन्यांनी."

"जुनं म्हणजे? काय जुनं?"

"अगं, जुनं. काळजीचं कारण नाही."

एवढ्यावर मी गप्प बसले. बाबांकडून आठ-दहा शब्द मिळाले म्हणजे खूप मिळालं, असाच आमच्याकडचा हिशोब होता. आई आमच्या दोघांच्या मधे कठडा धरून उभी होती. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही याची तोवर आम्हाला सवय झाली होती.

डॉक्टरच काळजी नाही म्हणाले, म्हणून आम्ही काळजी करायची थांबलो. आणि आई बिघडत गेली. दुकान सुटलं. केस विंचरले की फणीत पुंजके निघायचे. मी सकाळी तिला उठवून, कपडे घालून, खिडकीपाशी बसवून कामाला जायचे. संध्याकाळी मी यायचे तेव्हा ती तिथेच, त्याच बाजूला मान करून बसलेली असायची. "खाल्लंस?" विचारलं की बऱ्याच वेळाने "हं" यायचा. तो हुंकारसुद्धा जाड, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन वर येत आणि जाताना दारात माझा हात दाबत. ते हात दाबणं मला आवडत नसे. माणूस गेलेल्या घरात दाबतात तसं होतं ते.

बाबांना दिसत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरांचा शब्द म्हणजे छापलेला शब्द, आणि छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास. "सहा महिन्यांनी बोलावलंय ना," ते म्हणायचे. त्यांचा जीव तेव्हा कचेरीतल्या एका भांडणात अडकला होता. कुठल्याशा शब्दाला दोन अर्थ होते, छोट्या आवृत्तीत जागा एकाला होती, आणि कुठला ठेवायचा यावरून त्यांची आणि कोशाच्या प्रमुखांची जुंपली होती. एका रविवारी दुपारी जेवताना ते आपणहून बोलले, यावरूनच किती पेटले होते ते कळावं.

"प्रमुख म्हणतात, पहिला अर्थ ठेवा. मी म्हटलं, पहिला कुणालाही अंदाजाने कळतो, कोश लागतो तो दुसऱ्यासाठी. तर म्हणे, दुसऱ्या अर्थाने हल्ली वापरतो कोण. मी म्हटलं, वापरतात साहेब, चांगली शिकलेली माणसं वापरतात. मी स्वतः ऐकलाय."

"कुणाकडून?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"त्या डॉक्टरकडून. तुझ्या आईबद्दल बोलताना. 'डिफ्यूस आहे' म्हणाला. डिफ्यूस म्हणजे पाल्हाळिक. उच्चारसुद्धा शुद्ध. विशेषणात स, क्रियापदात ज. कोण पाळतं हल्ली?"

"डिफ्यूज?"

"स."

तो शब्द मी रोज वापरते. चकचकीत भांड्याचा फोटो काढायचा तर दिवा सरळ मारून चालत नाही, भांड्यात दिव्याचाच गोळा दिसतो. मग दिव्यापुढे पांढरं कापड ताणतात. उजेड त्या कापडभर पसरतो आणि भांड्यावर मऊ पडतो. डिफ्यूज करा, असं आम्ही एकमेकांना दिवसातून पन्नासदा ओरडून सांगतो.

"बाबा, डिफ्यूज म्हणजे पसरलेलं."

"स म्हण. आणि तो पहिला अर्थ."

"डॉक्टर पहिल्याच अर्थाने बोलतात. त्यांच्याकडचं सगळं पहिल्याच अर्थाचं असतं. डॉक्टर कशाला म्हणेल आई पाल्हाळिक आहे म्हणून? आई त्याच्यापुढे एक शब्द तरी बोलली होती का?"

बाबांचा घास हातात राहिला.

"तो नक्की काय म्हणाला?" मी विचारलं. "आणि तुम्ही काय म्हणालात? तीन शब्दांत नको. सगळं सांगा."

"तो म्हणाला, हे डिफ्यूस आहे. पहिल्यापासून होतं का? मी म्हटलं, पहिल्यापासूनच. लग्न झालं तेव्हापासून. स्वभावच आहे तिचा." बाबा सावकाश बोलत होते. "मग त्याने विचारलं, वाढत चाललंय का. मी म्हटलं, छे हो. उलट आता बरंच कमी..."

ते तिथेच थांबले.

खिडकीपाशी आई स्वेटरमध्ये झोपली होती. तिचं तोंड जरा उघडं पडलं होतं.

मला इतका राग आला की ताट सरकवून मी उठले. "मी विचारलं होतं तुम्हाला, काय जुनं? हे सगळं तेव्हाच सांगितलं असतंत, नुसतं जसं झालं तसं, तर तिथल्या तिथे कळलं असतं मला. पण नाही. तुमचं आपलं 'जुनं आहे, कमी होतंय'. तिथेही कात्री चालवलीत." बाबा म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, कुठल्या अर्थाने." मला त्यांची कीवही आली नाही तेव्हा. नंतर आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आईला धरून पुन्हा दवाखान्यात नेलं. या वेळी मीही आत गेले. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं, आमच्याआधी किती जणांना तपासून बसला होता कोण जाणे. फाइल उघडून म्हणाला, "काका, सहा महिने झाले नाहीत अजून."

मी सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणून बाबांनी होकार दिला. डॉक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग कपाळावर हात ठेवून बसला. "मी मेंदूच्या लहरींबद्दल विचारत होतो. मंदपणा एका जागी नाही, सगळीकडे पसरलाय, असं. काका म्हणाले पहिल्यापासून, आणि कमी होतंय. मी समजलो, मावशी मूळच्याच संथ आहेत." त्याने फाइल मिटली. "ठीक आहे. मग नवीन म्हणजे किती नवीन? पूर्वी कशा बोलायच्या त्या?"

"विस्तृत," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"लांबण लावून."

"काका, असं नाही कळत. लांबण सगळेच लावतात. माझी आईपण लावते. मला फरक किती आहे ते कळायला हवं. उदाहरण द्या एखादं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच बोलले नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, हातात धरला आणि भिंतीकडे बघत सुरुवात केली.

"समजा, बसमध्ये छत्री विसरली. तर ते ती असं सांगणार. की अहो, काय झालं, मी बसमध्ये चढले, म्हणजे चढणार नव्हते, पुढच्या बसने जाणार होते, पण या बसचा ड्रायव्हर तो मानेवर गळू झालेला, आणि मला बघायचं होतं गळू बसलं का. कारण मी त्याला मागे सांगितलं होतं की कॉलरचं बटण उघडं ठेव, घासतं. तर बसलं होतं गळू. पण बटण तुटलं होतं. मी म्हटलं, तुला बटण देते, तर म्हणाला, बायको लावत नाही. का लावत नाही, तर बायकोची बहीण आलीये राहायला, आणि ती बहीण म्हणजे, ते तुम्हाला सांगितलं का मी, जिने साखरपुड्याच्या दिवशी भावी सासऱ्याला सांगितलं की तुमचा मुलगा घोरतो. आता तिला कसं माहीत की घोरतो? तर तसं काही नाही, वाईट अर्थ काढू नका, तो वर्गात घोरायचा. एका वर्गात होती दोघं. तर ते असो..."

तो पुढेही बोलत राहिला, माझा बाप. मोडलेला साखरपुडा, बहिणीने शिवायला घेतलेला झगा, त्याला लावायच्या मोत्याच्या बटणांचा घोळ. मधे मधे आईचंच "म्हणजे तसं नव्हे", आईचंच ते हात हवेत फिरवणं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं. ही छत्री मला आठवत होती. तो दिवसही आठवत होता. आई बोलत होती, मी मोबाइलमध्ये डोकं घालून होते आणि बाबा वर्तमानपत्राच्या आड होते. मला वाटलं होतं ते वाचतायत. मला नुसती छत्री आठवत होती, ती हरवली एवढीच. त्यांना सगळी घरं आठवत होती, वाटेतली एकूण एक. मी फाइलवरचा शिक्का वाचत बसले.

छत्री शेवटी आली. बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "हे अंदाजे," ते म्हणाले. "ती याहून जास्त सांगते."

डॉक्टर आईकडे वळला. "मावशी, खरं का हे? असंच झालं होतं?"

आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. आईचे डोळे अर्धवट मिटलेले होते. बऱ्याच वेळाने तिच्या तोंडून आलं, "हो."

त्या एका 'हो'कडे डॉक्टरने कान दिला. उठून तिच्याजवळ आला, स्वेटरची कॉलर बाजूला करून गळा चाचपला, हातांची कोरडी कातडी बघितली, गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय हलला, पण दमल्यासारखा. "हा आवाज असा घोगरा कधीपासून?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं निघालं. थायरॉइड. इतकं साधं की ऐकून मला रडू आलं. सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी, बस. डॉक्टर म्हणाला, आणखी काही महिने गेले असते तर बेशुद्ध होऊन आल्या असत्या, आणि मग माझ्याही हातात फार काही राहिलं नसतं. हे तो बाबांकडे न बघता म्हणाला. चांगला मुलगा होता.

गोळी लागू पडली. आधी सूज उतरली. मग स्वेटर कपाटात गेला. एका सकाळी मी उठायच्या आत आई उठून खिडक्या उघडत होती. आवाज निवळला, चाल सुधारली, फणीत केस निघायचे थांबले. तिने पुन्हा दुकानात जायला सुरुवात केली. मालकाने स्टुलाला नवी गादी करून घेतली होती.

आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

"कपडे वाळले," आई म्हणायची. मी थांबायचे. "मास्तरणीने नवीन खुर्ची घेतली." बाबा वर्तमानपत्र खाली करायचे. पुढे काही नसायचं. आवाज स्वच्छ, उत्तर चटकन, पण वाक्य एकच. दुकानात तर छान बोलते, असं मालक सांगायचा, अगदी पूर्वीसारखी. म्हणून मी तिला पुन्हा डॉक्टरकडे नेलं. त्याने सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. आता जे आहे ते दुखणं नाही."

शेवटी एका संध्याकाळी बाबांनीच विचारलं. जेवणं होत आली होती. "तुला बोलायला काही त्रास होतो का अजून?"

"नाही हो."

"मग बोलत का नाहीस?"

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं, तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं, पण ऐकू येत होतं. तुम्ही डॉक्टरला म्हणालात, आता बरंच कमी झालंय. आणि हसलात. मी पडल्यापासून तुम्ही हसला नव्हता. तेव्हा पहिल्यांदा हसलात."

"अगं, तो शब्दाचा घोटाळा झाला. तो म्हणाला डिफ्यूस, मला वाटलं..."

"माहितीये. तो शब्द इंग्रजी होता," आई म्हणाली. "कमी झालंय, हे तुम्ही मराठीतच म्हणालात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "छत्रीचं सांगितलंत तेही ऐकलं मी," ती पुढे म्हणाली. "छान सांगितलंत. पण सांगताना किती घाम फुटला होता तुम्हाला. मी म्हटलं, नुसतं एकदा सांगताना माणसाचं हे होतं, तर रोज ऐकताना काय होत असेल. तर असू दे. दुकानात बोलते ना मी. घरी नाही बोललं तर काय बिघडतं."

इतक्या महिन्यांत ती एका दमात बोललेलं सगळ्यात लांब बोलणं ते. ते संपलं आणि ती ताटं गोळा करायला लागली. मीही हसले होते, बाबांबरोबर, अगदी पहिल्या दिवशी.

"आज दुकानात कोण आलं होतं?" बाबांनी एकदम विचारलं.

आई ताटांवरचं उष्टं एकत्र करत होती. "एक बाई."

"काय घेतलं तिने?"

"बटण."

"कसलं?"

"काळं."

"किती भोकांचं?"

आईने हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करतायत का, ते ती बघत होती. बाबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"चार," ती म्हणाली.

"दोन भोकांचं का नाही?"

"कोटाला टिकत नाही."

ती ताटं घेऊन आत गेली. बाबा आपला रिकामा पेला घेऊन तिच्या मागोमाग गेले. "कोट कुणाचा होता?" त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं. आईने नळ सोडला होता आणि ती भांडी विसळत होती. बाबा पेला हातात धरून ओट्यापाशी उभे राहिले, आणि नळ बंद होण्याची वाट बघू लागले.